नोरी गिळतो माणूस, पचवतो भलताच!

सुशीभोवती गुंडाळलेला तो काळपट हिरवा, कागदासारखा पातळ पापुद्रा म्हणजे नोरी. खाणाऱ्याला वाटतं, आपण खाल्ली आणि आपणच पचवली. तिच्यातली प्रथिनं, जीवनसत्त्वं आपण पचवतो हे खरंच. पण तिच्यात लांबच लांब साखळीची जी समुद्री साखर असते, तिच्यापुढे माणसाचं पोट सपशेल हात टेकतं. अन्नातली कर्बोदकं तोडायला आपल्या जनुकसंचाकडे कात्र्या, म्हणजे एन्झाइम, फार तर १७. भातातला स्टार्च, दुधातलं लॅक्टोज, चहातली साखर, एवढं कापलं की आपलं सामान संपलं. उलट आपल्या मोठ्या आतड्यात मुक्काम ठोकून असलेल्या बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन या एकट्या जिवाणूकडे अशा २६०च्या आसपास कात्र्या आहेत. त्याचं नाव घेताना आपली बोबडी वळते, पण आपल्या ताटातला चोथा बघून त्याची वळत नाही.

अशा पाहुण्यांची मोजदाद २०१६मध्ये नव्यानं झाली. सरासरी माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू, आणि सगळ्यांचं मिळून वजन साधारण २०० ग्रॅम. संख्या डोळे फिरवणारी, वजन पावशेरापेक्षाही कमी. समुद्रशैवालाची गोष्ट सुरू होते ती या पावशेरातच.

साखर, पण गोड नाही

आधी पात्रपरिचय उरकून घेऊ. लाल शैवालातून मिळतात अगार, कॅरॅगीनन आणि नोरीतलं पॉर्फायरन. तपकिरी शैवालातून अल्जिनेट, लॅमिनारिन आणि फ्युकॉइडन. हिरव्यातून उल्व्हान. सगळ्या बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या लहान कणांच्या लांब माळा, आणि एकही गोड नाही. लाटांच्या माऱ्यात शैवालाला तुटू न देता लवचिक ठेवणं हे यांतल्या बऱ्याच जणींचं मूळ काम. लॅमिनारिन तेवढं वेगळं. ती शैवालाची शिल्लक, अडीअडचणीला वापरायची.

यांच्यापैकी पुष्कळांच्या अंगावर सल्फेटचे, म्हणजे गंधकाचे गट टोचलेले असतात. गहू, ज्वारी, पालक, भोपळा यांत हा प्रकार जवळपास नसतोच. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-भाजीवर पोसलेल्या आतड्यातल्या जिवाणूंना ही माळ कुठून कापायची हेच कळत नाही. कात्री हवी ती समुद्रातली. आणि ती काही जणांच्या पोटात खरोखर येऊन पोचली.

जपानी पोटातली उसनवारी

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर रोस्कॉफ नावाचं गाव आहे. तिथल्या सागरी जीवशास्त्र केंद्रात संशोधक झोबेलिया नावाच्या एका समुद्री जिवाणूच्या मागे लागले होते. हा गडी लाल शैवालावर राहतो आणि त्यावरच जगतो. त्याच्याकडे पॉर्फायरन कापणारं, तोवर कोणालाच माहीत नसलेलं एन्झाइम सापडलं. मग संशोधकांनी जनुकांच्या जागतिक साठ्यात शोध घेतला, की असं जनुक आणखी कोणाकडे आहे. उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली: हा समुद्री जिवाणू, तो समुद्री जिवाणू. आणि मध्येच एक उपरा, बॅक्टेरॉइड्स प्लेबियस. तो समुद्रातला नव्हताच. जपानी माणसांच्या विष्ठेतून वेगळा केलेला होता.

मग १३ जपानी आणि १८ उत्तर अमेरिकी माणसांच्या आतड्यातल्या जनुकांची तुलना झाली. १३ पैकी ५ जपान्यांत ही कात्री होती. अमेरिकी गटात शून्य. २०१० साली ‘नेचर’मध्ये हा शोधनिबंध आला तेव्हा जगभरच्या पत्रकारांना सुशीचा मथळा आयता मिळाला.

घडलं काय असावं? जपानी माणूस दिवसाला सरासरी १४ ग्रॅम समुद्रशैवाल खातो असा आकडा त्या निबंधातच आहे, आणि हे खाणं आजकालचं नाही. इसवी सन ७०१च्या ताइहो कायद्यात करापोटी द्यायच्या वस्तूंत समुद्रशैवालाचा समावेश होता. शतकानुशतकं ताज्या, न भाजलेल्या शैवालाबरोबर समुद्री जिवाणूही पोटात जात राहिले. ते तिथे टिकले नसतील, पण जाताजाता आपली जनुकं आतड्यातल्या रहिवाशांना देऊन गेले. जिवाणूंमध्ये जनुकांची अशी देवाणघेवाण सर्रास चालते. बापाकडून मुलाकडे जायची वाट ते बघत बसत नाहीत. समुद्रातली हातोटी अशी आतड्यात रुजली.

या तपासणीत सगळ्यात मजेशीर पाहुणी होती एक तान्ही मुलगी. अंगावर पिणारी, नोरीचा तुकडाही न चाखलेली. तरी तिच्या आतड्यात हे जनुक हजर! आईकडूनच आलं असणार, दुसरा रस्ता नाही. माहेरची चाल म्हणतात ती अशीही येते.

पण ‘नोरी पचवावी ती जपान्यांनीच’ असं लगेच म्हणू नका. पुढच्या अभ्यासांत ही जनुकं जपानबाहेरच्या पोटांतही दिसली. समुद्रातून आतड्यात ही उसनवारी एकदाच झालेली नाही. वेगवेगळ्या शैवालांसाठी, वेगवेगळ्या जिवाणूंत, अनेकदा झालेली आहे. अल्जिनेट कापणारी कात्रीही अशीच समुद्रातून आलेली दिसते. आज मात्र ही वाट बरीच अरुंद झाली असावी, कारण दुकानातली नोरी भाजलेली असते आणि भाजताना तिच्यावरचे जिवाणू मरतात. पूर्वजांनी कच्चं खाऊन जे कमावलं, त्यावर वारस आरामात सुशी खातात.

जुगाऱ्याचं गवत आणि मँचेस्टरच्या बाई

नोरी रोज ताटात येण्याइतकी मुबलक झाली, यामागे एक इंग्रज बाई आहेत. कॅथलीन ड्रू-बेकर. या कधी जपानला गेल्याच नाहीत.

जपानी मच्छीमार नोरीला जुगाऱ्याचं गवत म्हणत. एखाद्या वर्षी भरभरून, एखाद्या वर्षी फक्त पाणी. बी कुठून येतं, उन्हाळ्यात ही वनस्पती जाते कुठे, कोणालाच पत्ता नव्हता. इकडे मँचेस्टर विद्यापीठात ड्रू-बेकर बाई लाल शैवालावर काम करत होत्या. लग्न झालेल्या बाईला नोकरीवर ठेवायचं नाही असा विद्यापीठाचा दंडक, म्हणून पगाराची जागा गेली. बाईंनी बिनपगारी काम चालू ठेवलं. १९४९ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये छोटंसं टिपण छापलं: शिंपल्यांच्या कवचात वाढणारा एक गुलाबी सूक्ष्म जीव, ज्याला लोक वेगळीच जात समजत होते, तो म्हणजे नोरीच्या कुळातल्या शैवालाचंच बालपण. उन्हाळ्यात नोरी शिंपल्यात लपून बसते!

जपानी शास्त्रज्ञांनी ही माहिती नोरीला लावली, शिंपल्यांवर बी धरायला सुरुवात केली आणि जुगाराची शेती झाली. कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे बाईंचं स्मारक आहे, आणि दरवर्षी १४ एप्रिलला लोक जमून त्यांना मान देतात. तिथे त्यांना ‘समुद्राची आई’ म्हणतात. १९५७ साली बाई गेल्या. पगार बंद करणाऱ्या विद्यापीठाला तिकडे कोणी काय म्हणतं ते मला ठाऊक नाही. मी मात्र म्हणेन.

फानीबाईंची जेली

आता अशा बाईची गोष्ट, जिच्याशिवाय जिवाणूशास्त्राचं पान हललं नसतं. १८८१च्या सुमाराला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस नावाचे डॉक्टर वैतागले होते. जिवाणू वाढवायला जिलेटिनचा थर घालायचा, तर उन्हाळ्यात तो पातळ होऊन वाहायचा. थंडी असली तरी सुटका नाही. काही जिवाणू जिलेटिनच खाऊन टाकायचे. एकाच जातीची वेगळी वसाहत मिळणार कशी?

हेस यांच्या पत्नी फानी अँजेलिना त्यांना प्रयोगशाळेत मदत करत, चित्रं काढून देत. त्यांनी विचारलं, मी जेली आणि पुडिंगला घालते ते अगार का नाही वापरत? जाव्हामध्ये राहून आलेल्या ओळखीच्यांकडून ही पाककृती त्यांच्या घरात आली होती. उकाड्यातही न वितळणारी जेली करायची ती खास आशियाई युक्ती. अगार वितळायला ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, आणि एकदा वितळलं की घट्ट व्हायला ४०च्या खाली यावं लागतं. माणसाच्या रोगजंतूंना आवडते ३७ अंशांची ऊब. तिथे अगार मख्ख बसून राहतं.

१८८२ साली कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या निबंधात अगारचा उल्लेख आहे. हेस पतिपत्नींचा नाही. फानीबाईंनी या कल्पनेचा एक पैसाही कमावला नाही. आजही जगातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये जा, बशीत तीच जेली असते.

यातली खरी मेख बघा. अगार प्रयोगशाळेत चालतं, कारण बहुतेक जिवाणूंना ते खाताच येत नाही. खाता आलं असतं, तर थरच वितळला असता. आणि आतड्यातल्या जिवाणूंत अगारच्या साखळ्या तोडणारे मोजके वीर सापडले ते आपल्या नोरीवाल्या कात्र्यांचेच भाऊबंद. ज्या पदार्थावर जिवाणूशास्त्र उभं राहिलं, तोच कुरतडणारे जिवाणू माणसाच्या पोटात निघाले.

उंदरांसाठी राखीव जागा

दही खा, प्रोबायोटिक घ्या, असं सांगणाऱ्या जाहिरातींची एक अडचण असते. बाहेरून आलेला जिवाणू आतड्यात टिकेलच याची खात्री नसते; आतल्या जागा आधीच्या रहिवाशांनी अडवलेल्या असतात. २०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी यावर नोरीचा उतारा शोधला. पॉर्फायरन खाऊ शकणारा बॅक्टेरॉइड्स त्यांनी मिळवला, तोही कुठून, तर सांडपाण्यातून! तो उंदरांच्या पोटात सोडला आणि त्यांना नोरी खाऊ घातली. ज्या अन्नाला दुसरं कोणी हात लावत नाही, ते याच्यासाठी राखीव ठरलं आणि स्वारी आत स्थिरावली. पॉर्फायरन कमी-जास्त केलं की जिवाणूंची संख्याही कमी-जास्त करता आली.

उद्या औषध तयार करणारा एखादा जिवाणू पोटात सोडायचा असेल, तर त्याच्या शिधापत्रिकेवर नोरी लिहिता येईल, असा हा विचार. आतापर्यंतच्या सगळ्या शैवाल-संशोधनात मला हाच सर्वांत चलाख वाटतो.

मेंढ्या किनाऱ्यावर, गायी ढेकरांवर

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत नॉर्थ रोनल्डसे हे चिमुकलं बेट आहे. तिथे १८३२ साली बेटाभोवती दगडी कुंपण घातलं. मेंढ्यांना आत ठेवायला नव्हे, बाहेर! गवत आत, मेंढ्या समुद्राच्या बाजूला. तेव्हापासून त्या ओहोटी लागली की कळपानं खडकांवर उतरतात आणि केल्पवर, म्हणजे मोठ्या तपकिरी शैवालावर, ताव मारतात. विणीच्या दिवसांत तेवढ्या त्यांना गवतावर घेतात. त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव शैवालाला इतके सरावले आहेत की तपकिरी शैवालाच्या बहुशर्करा हेच त्यांचं रोजचं धान्य. शैवालात तांबं कमी, म्हणून यांचं शरीर मिळेल ते तांबं हावरटासारखं धरून ठेवतं. नेहमीच्या कुरणावर कायमचं सोडलं तर त्यांना तांब्याची विषबाधा होऊ शकते.

गायींच्या बाबतीत हिशेब उलटा. त्यांच्या पोटातले काही सूक्ष्मजीव मिथेन बनवतात आणि गाय तो ढेकरातून सोडते. कॅलिफोर्नियात मांसासाठीच्या बैलांना अॅस्पॅरागॉप्सिस हे लाल शैवाल चिमूटभर दिल्यावर मिथेन ८० टक्क्यांहून जास्त घटला, असं २०२१चा प्रयोग सांगतो. इथे मात्र बहुशर्करेचा हात नाही. ब्रोमोफॉर्म नावाच्या रसायनाची ती करामत आहे. विषय थोडा सुटला, पण ढेकराची बातमी सोडवत नाही.

मग वजन उतरतं का?

आला मुद्द्याचा प्रश्न. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत असं आयसीएमआरच्या २०२३च्या पाहणीनं सांगितलं, त्यामुळे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या कुठल्याही पावडरीला इथे गिऱ्हाईक तयार असतं. शैवालाच्या गोळ्या विकणारे नेमकं हेच बोट धरतात.

शास्त्राची बाजू अशी. न पचलेली बहुशर्करा मोठ्या आतड्यात पोचली आणि तिथे योग्य जिवाणू असले, तर ते तिला आंबवतात. त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं आवडतं इंधन. शिवाय ही मेदाम्लं आतड्यातल्या काही पेशींना चाळवतात आणि त्या जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात. होय, सध्याची गाजणारी वजन घटवायची इंजेक्शनं ज्या संप्रेरकाची नक्कल करतात तेच. पण आतड्यातून सुटणारं जीएलपी-१ रक्तात काही मिनिटंच टिकतं, आणि इंजेक्शनातलं औषध मुद्दाम आठवडाभर टिकावं असं घडवलेलं असतं. तेव्हा ‘नैसर्गिक इंजेक्शन’ अशी जाहिरात दिसली की पुढे सरका.

अल्जिनेटची चाल आणखी साधी आहे. ते जठरातल्या आम्लात जेलीसारखं गोठतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि साखर रक्तात उतरायचा वेग मंदावतो. कोपनहेगनमध्ये ९६ लठ्ठ व्यक्तींवर १२ आठवडे हे तपासलं गेलं. सगळ्यांचा आहार मोजका. अर्ध्यांना जेवणाआधी अल्जिनेटचं पेय, बाकीच्यांना तसंच दिसणारं साधं. शेवटपर्यंत टिकले ८०. त्यांच्यात अल्जिनेटवाल्यांचं वजन सरासरी ६.८ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ५.०. पण अर्ध्यावर सोडून गेलेले हिशेबात धरले, की फरक ठोस राहत नाही. २०१२चा हा प्रयोग प्रामाणिक होता. त्यातला पहिला आकडा सांगून दुसरा गिळणारे विक्रेते नाहीत.

फ्युकॉइडनची कीर्ती तर आकाशाला भिडली आहे. स्वीडनच्या हॅराल्ड किलिन यांनी १९१३ साली ते वेगळं केलं. आज त्याच्या नावावर साखर, चरबी, सूज, काय वाटेल ते खपतं. यातला बराचसा पुरावा उंदरांवरचा आहे. उंदीर निमूटपणे जे वाढाल ते खातो. माणूस सुशीबरोबर बियर घेतो.

एक किस्सा सावध करणारा. तपकिरी शैवालातल्या अल्जिनेटपासून बनवलेलं जीव्ही-९७१ हे औषध चीननं २०१९ साली अल्झायमरसाठी सशर्त मंजूर केलं. दावा असा, की ते आतड्यातले जिवाणू सुधारून मेंदूतली सूज कमी करतं. जगभर भुवया उंचावल्या. २०२२मध्ये कंपनीनं आंतरराष्ट्रीय चाचणी मध्येच थांबवली.

आणि आयोडीन विसरू नका. हे मूलद्रव्यच मुळी १८११ साली समुद्रशैवालाच्या राखेत सापडलं. बर्नार्ड कुर्त्वा हे फ्रेंच गृहस्थ बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवत होते, तेव्हा जांभळी वाफ निघाली. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. एका ग्रॅम वाळक्या कोंबूत, म्हणजे जपानी केल्पात, त्याच्या १०पट किंवा जास्त असू शकतं. थायरॉइडची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय केल्पच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये. नोरीत आयोडीन त्या मानानं खूपच कमी.

पाकिटावरचा ४०७

समुद्रशैवाल आपण खात नाही, असं म्हणणाऱ्यानं आइस्क्रीमच्या डब्यामागची बारीक अक्षरं वाचावीत. ४०१ म्हणजे सोडियम अल्जिनेट, ४०६ म्हणजे अगार, ४०७ म्हणजे कॅरॅगीनन. चॉकलेट-दुधात कोको तळाला बसू नये म्हणून कॅरॅगीनन. दाताचा साचा घेताना डेंटिस्ट तोंडात कोंबतात तो लगदा अल्जिनेटचा. छातीतल्या जळजळीवरच्या काही औषधांतही तेच असतं: जठरातल्या अन्नावर तराफ्यासारखं तरंगतं आणि आम्ल वर येऊ देत नाही.

कॅरॅगीननवर वाद आहे. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत त्यानं आतड्याला सूज आणली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली दर किलो वजनामागे रोज ७५ मिलिग्रॅम अशी तात्पुरती मर्यादा घातली. आइस्क्रीममधलं प्रमाण त्यापेक्षा खूप कमी असतं.

हे कॅरॅगीनन ज्यातून निघतं ते कॅपाफायकस शैवाल तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर लावतात. ते आपलं नव्हे. १९८४ साली भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं जपानहून आणलं. रामनाथपुरमच्या तराफ्यांवरून सुटून मन्नारच्या आखातात प्रवाळावर पसरल्याच्या तक्रारीही झाल्या.

आणि आपल्याकडे? नोरीची सख्खी बहीण पॉर्फायरा व्हिएतनामेन्सिस पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या खडकांवर उगवते. लाटा आपटत असतात, मासेमारी बंद असते, खडक निसरडे. कालवांसाठी खडक धुंडाळणारा कोकणी माणूस तिच्याकडे ढुंकून बघत नाही. आपल्या स्वयंपाकात तिला स्थान मिळालंच नाही.

घराघरांत पोचलं ते चायना ग्रास. वाळक्या, पांढऱ्या पट्ट्या, पाण्यात उकळून दुधात घातल्या की पुडिंग. हे अगारच, फानीबाईंचं. लिटरभर दुधाला १० ग्रॅम चायना ग्रास पुरतं, आणि ते न पचता थेट मोठ्या आतड्यापर्यंत जातं. सोबत घातलेली वाटीभर साखर मात्र लहान आतड्यातच रक्तात उतरते. तिच्यासाठी लागणारी कात्री आपल्या १७ मध्ये आहे.